बाहेरची डिस्क लावून मशीन चालू केलं की एसडीबी बदलते, नाव पक्कं कसं करायचं?

कॅमेरेवाला | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मिरजेत माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. मशीनवर डेबियन १२ आहे. आत २५० जीबीची एसएसडी (सिस्टीम), २ टीबीची साधी हार्डडिस्क (फोटो), पुढे चार खाचांचा कार्ड रीडर आणि बाहेर यूएसबी डॉकमध्ये २ टीबीची बॅकअपची डिस्क. मदरबोर्डचा एक पोर्ट गेल्यामुळे आतली हार्डडिस्क वेगळं कार्ड टाकून त्यावर जोडली आहे.

एफएसटॅब (कोणती डिस्क कुठल्या फोल्डरवर जोडायची ती यादी) ओळखीच्या एका मुलाने दोन वर्षांपूर्वी लिहून दिलं. त्यात /डेव्ह/एसडीबी१ म्हणजे /फोटो आणि /डेव्ह/एसडीजी१ म्हणजे /बॅकअप.

इतके दिवस सुरळीत चाललं होतं. या आठवड्यात लाईट दोनदा गेली, इन्व्हर्टरची बॅटरीही म्हातारी झालीय. लाईट आली की मशीन आपोआप चालू होतं (बायोसमध्ये तसं ठेवलंय). तर कधी नीट येतं, कधी दीड मिनिट काळ्या पडद्यावर थांबून 'रूटचा पासवर्ड द्या' म्हणतं. डॉकची आणि कार्ड रीडरची केबल काढली की मात्र एसडीबी म्हणजे आतलीच हार्डडिस्क.

बायोसमध्ये आतल्या डिस्क पहिल्या, यूएसबी शेवटी असा क्रम लावून पाहिला, फरक शून्य. एसडीबी ही आतलीच हार्डडिस्क राहील असं कायमचं करता येतं का? लग्नसराई चालू आहे, रोज उठून हे सोसवत नाही.

---

सुपारी | रात्री १०:०५

केबल काढा, मशीन चालू करा, केबल लावा. माझं पाच वर्षं असंच चाललंय.

---

कॅमेरेवाला | रात्री १०:०९

@सुपारी, रात्री तीनला लाईट आली तर केबल काढायला कोण जाणार? :)

---

तिसरी_घंटा | रात्री १०:३१

धागाकर्ते, एसडीए, एसडीबी ही डिस्कची नावं नाहीतच, ते एसटीतले सीट नंबर आहेत. कर्नलला (लिनक्सचा गाभा) जी डिस्क आधी सापडली तिला 'ए', मग 'बी', मग 'सी'. रुमाल टाकून जागा धरायची सोय नाही. (सव्विसावी झेडला बसली की पुढची एसडीएए, तीही जागा काढून ठेवलेली आहे.)

बायोसमधला क्रम फक्त बूटलोडर कुठून उचलायचा एवढ्यापुरता. एकदा कर्नल उठला की तो स्वतः सगळे कंट्रोलर नव्याने चाचपतो, तेही एकाच वेळी. तुमची हार्डडिस्क वेगळ्या कार्डावर आहे आणि लाईट गेल्यावर थंड पडलेली प्लेट फिरून वेगात यायला तिला काही सेकंद लागतात. तोवर कार्ड रीडर हात वर करून मोकळा. आणि तो एकटा येत नाही, चार खाचांची चार नावं घेतो, आत कार्ड असो वा नसो. म्हणजे बी, सी, डी, ई रिकाम्या खाचांना. एसडीबी१ अस्तित्वातच नाही, म्हणून सिस्टीमडी (बूटच्या वेळी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) ठरलेले ९० सेकंद वाट पाहतं आणि हात टेकतं. तुमचं 'दीड मिनिट' ते हेच.

सिस्टीम स्वतः उठते, कारण डेबियनच्या इन्स्टॉलरने रूटच्या ओळीत यूयूआयडी (फाइल सिस्टीमचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहिलाय. त्या मुलाने खाली हाताने घातलेल्या दोन ओळीच तेवढ्या घात करतायत. तिथेही यूयूआयडी घाला, विषय संपला.

---

जुना_जंपर | रात्री १०:५८

काय दिवस आठवले! आयडीईच्या काळात नाव केबलवर ठरायचं. पहिल्या केबलचा मास्टर एचडीए, स्लेव्ह एचडीबी, दुसरीचा मास्टर एचडीसी. सीडी ड्राइव्ह बहुतेकांकडे एचडीसीच. मधली डिस्क उपटली तरी बाकीच्यांची नावं हलायची नाहीत. मग लिबएटीए (कर्नलमधले नवे ड्रायव्हर) आलं आणि सगळ्यांनाच एसडी म्हणू लागले. सोय झाली म्हणतात.

मास्टर-स्लेव्हचा तो चिमुकला जंपर मात्र फरशीवर पडला की गेलाच. आमच्या हिने एकदा केरात काढला होता.

---

वांगीभात | रात्री ११:१०

जंपरकाका, जुनं ते सोनं म्हणताय, पण डॉसमध्ये काय होतं ते विसरलात? दुसरी हार्डडिस्क लावली की आधी सगळ्या डिस्कच्या प्रायमरी पार्टिशनना अक्षरं मिळायची, लॉजिकलना नंतर. म्हणजे कालपर्यंत जे डी होतं ते आज ई. सगळे शॉर्टकट मेलेले. गेम चालू होईना म्हणून मी डिस्कच परत करायला निघालो होतो.

---

जुना_जंपर | रात्री ११:१४

ते डॉस झालं. मी लिनक्सबद्दल बोलतोय. ह. घ्या.

---

अक्कलखाते | रात्री ११:४०

तिसरी_घंटा यांच्याशी सहमत, फक्त यूयूआयडीऐवजी लेबल वापरा म्हणतो मी. छत्तीस अक्षरांचा तो आकडा बघून कोणाला काय कळणार? ई२लेबल कमांडने लेबल द्यायचं आणि एफएसटॅबमध्ये लेबल=फोटो. वाचताक्षणी समजतं.

---

तिसरी_घंटा | रात्री ११:५२

लेबल उत्तमच, पण ईएक्सटी४ मध्ये त्याला जागा १६ बाइट. आपलं एकेक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. 'फोटो' बारा बाइट, बसलं. 'बॅकअप' पंधरा, काठावर पास. 'छायाचित्र' सत्तावीस, बाहेर.

शिवाय दोन डिस्कना एकच लेबल देणारे महाभाग असतात. 'डेटा' नावाच्या तीन डिस्क एकाच मशीनला लावलेल्या मी पाहिल्यात.

---

अक्कलखाते | रात्री ११:५५

शुद्ध मराठी परवडत नाही ते असं :D

---

पाटपाणी | रविवार, सकाळी ७:१५

हे फक्त बूटपुरतं नाही. माझा अनुभव सांगते. पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर चढवायचा होता. डीडीची (जसंच्या तसं डिस्कवर उतरवणारी) कमांड आदल्या आठवड्याची, वर बाणाने शोधून काढलेली. ओएफ=/डेव्ह/एसडीसी. आदल्या आठवड्यात एसडीसी पेन ड्राइव्ह होता. त्या दिवशी ती माझ्या थिसिसची बाहेरची डिस्क होती. एंटर मारला आणि एकीकडे चहा ओतायला घेतला. डॉकचा दिवा लुकलुकतोय, पेन ड्राइव्हचा दिवा गप्प. ते लक्षात येऊन कंट्रोल-सी मारेपर्यंत साधारण १ जीबी लिहून झालं होतं. पार्टिशन टेबल आणि पुढचा सगळा भाग सपाट. पुढच्या पार्टिशनमधल्या फाइली टेस्टडिस्कने परत मिळाल्या, पहिल्यातल्या गेल्या त्या गेल्या.

तेव्हापासून डीडीला एसडी-काहीतरी द्यायचं नाही असा नेम आहे. /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी मधलं लांबलचक नाव द्यायचं. त्यात कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर सगळं असतं, चुकायला जागा कमी. टॅब दाबलं की आपोआप पुरं होतं.

---

सुपारी | सकाळी ७:४०

ताई, चहाचं काय झालं?

---

पाटपाणी | सकाळी ७:४४

उतू गेला. ओट्यावर.

---

कोकणकडा | सकाळी ८:३०

बाय-आयडीबद्दल एक सावधगिरी. स्वस्तातले काही डॉक डिस्कचा खरा सीरियल नंबर पुढे पाठवतच नाहीत, स्वतःचाच ठोकून देतात, आणि त्या लॉटमधल्या सगळ्या डॉकना तोच. असे दोन डॉक एकाच मशीनला लावले की बाय-आयडीमध्ये नाव एक आणि डिस्क दोन. काही डॉक तर ५१२ बाइटच्या सेक्टरची डिस्क ४०९६ ची म्हणून दाखवतात. तिथे फॉरमॅट केलेली डिस्क मग मशीनच्या आत थेट लावली की कोरी दिसते. माणूस घाबरून पुन्हा फॉरमॅट करतो. करू नका, परत त्याच डॉकमध्ये घाला.

धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न: एसडीबी हेच नाव पक्कं करता येतं का? नाही. यूडेव्हचा (/डेव्हमधली नावं सांभाळणारा प्रोग्राम) नियम लिहून /डेव्ह/लग्नाचेफोटो असं स्वतःचं टोपणनाव जोडता येतं, पण कर्नलचं नाव बदलता येत नाही. ठरावीक पोर्टला काय लावलंय यावरच ओळखायचं असेल तर /डेव्ह/डिस्क/बाय-पाथ आहे. कार्ड रीडरच्या खाचांना ते बरं पडतं, कारण तिथे कार्ड रोज नवं आणि खाच तीच.

---

कॅमेरेवाला | सकाळी १०:२५

सगळ्यांचे आभार. एसटीचं उदाहरण ऐकून बायकोलाही कळलं.

बीएलकेआयडी (यूयूआयडी दाखवणारी कमांड) चालवून यूयूआयडी घेतले आणि दोन्ही ओळींत घातले. पण /फोटो आणि /बॅकअप दोघांचा यूयूआयडी एकच आला. कॉपी करताना चुकलो असेन म्हणून परत केलं, परत तेच. हे बरोबर आहे का? आता डॉकची केबल काढून ठेवलीय.

अवांतर: शुक्रवारी एक लग्न होतं. गुरुवारी हळदीचे फोटो टाकले ते आहेत, शुक्रवारी रात्री दोनला लग्नाची कार्डं ओतली तो फोल्डरच नाही. पोऱ्याने चुकून उडवला असणार, कबूल करत नाही. कार्डं तर शनिवारी सकाळीच फॉरमॅट करून पुढच्या ऑर्डरला वापरली. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर कोणतं चांगलं? आज रविवार, आमचा बॅकअपचा दिवस, तो घेतो आणि मग त्याच्या मागे लागतो. बॅकअपची स्क्रिप्ट म्हणजे एकच ओळ आहे: आरसिंक -ए --डिलीट /फोटो/ /बॅकअप/

---

रात्रपाळी | सकाळी १०:३१

थांबा. बॅकअप घेऊ नका. ती स्क्रिप्ट अजिबात चालवू नका.

टाइप करतोय.

---

रात्रपाळी | सकाळी १०:४८

दोन प्रश्न. शुक्रवारी लाईट गेली होती का? आणि डॉकमधली डिस्क पहिल्यांदा कशी भरली होती, कॉपी करून की डीडीने अख्खी उतरवून?

---

कॅमेरेवाला | सकाळी १०:५५

शुक्रवारी दुपारी लाईट गेली होती, आम्ही कार्यालयात होतो. परत आलो तेव्हा मशीन चालू होतं. शनिवारी सकाळी पुन्हा गेली. डिस्क त्या मुलाने डीडीनेच उतरवली होती, 'हुबेहूब नक्कल' म्हणाला होता. नंतर दर रविवारी आरसिंक. स्क्रिप्ट चालवलेली नाही. काय झालंय?

---

रात्रपाळी | सकाळी ११:२०

पोऱ्याची माफी मागून ठेवा.

शुक्रवारी लाईट आल्यावर तुमची थंड हार्डडिस्क मागे पडली आणि या वेळी एसडीबीच्या जागेवर डॉक येऊन बसला. कार्ड रीडरने सी ते एफ घेतले, हार्डडिस्क उरलेल्या एसडीजीवर. म्हणजे /फोटो आणि /बॅकअप यांची चक्क अदलाबदल. कुठे काही अडलं नाही, कारण दोन्हीकडे एसडीबी१ आणि एसडीजी१ सापडले. मशीन हसतमुखाने उठलं. रात्री दोनला तुम्ही कार्डं ओतली ती बॅकअपच्या डिस्कवर. तेव्हा गुरुवारची हळद तिथे दिसत नसणार, पण त्या वेळी कोण बघतंय. शनिवारी परत क्रम सरळ झाला, हळद परत आली आणि लग्न गायब.

मी ओळखतोय ते बरोबर असेल तर लग्नाचे फोटो या क्षणी फक्त डॉकमधल्या डिस्कवर आहेत. आणि आजच्या स्क्रिप्टमधलं --डिलीट म्हणजे 'मूळ जागी जे नाही ते बॅकअपवरूनही पुसून टाक'. ती चालली असती तर लग्न खरोखर गेलं असतं.

आता यूयूआयडी. तो डिस्कच्या पोलादात कोरलेला नसतो, फाइल सिस्टीमच्या सुपरब्लॉकमध्ये (तिची स्वतःची माहिती असते तो भाग) लिहिलेला असतो. डीडी सगळंच उतरवतं, तोही. त्यामुळे तुमच्याकडे भाऊसाहेबांचा तोतया झालाय. चेहरा तोच, खुणा त्याच, दरबारात दोघं एकदम उभे. यूयूआयडी घातला तरी कोणती डिस्क /फोटो म्हणून येईल ते नशिबावर.

असं करा. मशीन बंद करा, डॉक लावू नका, चालू करा. एफएसटॅबमधली /बॅकअपची ओळ पुढे # टाकून बंद करा आणि सिस्टीमसीटीएल डीमन-रीलोड. मग डॉक लावा आणि एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सीरियल बघून ती कोणती एसडी आहे ते डोळ्यांनी खात्री करून, फक्त वाचण्यापुरती -ओ आरओ देऊन /एमएनटी वर माउंट करा. ईएक्सटी४ एकाच यूयूआयडीच्या दोन फाइल सिस्टीम शेजारी चालवून घेतं. एक्सएफएस असतं तर त्याने नकार दिला असता. आत लग्न आहे का सांगा.

---

वांगीभात | सकाळी ११:२६

श्वास रोखून वाचतोय. भाजी जळली.

---

कॅमेरेवाला | दुपारी १२:०२

आहे!!! पूर्ण फोल्डर आहे. १,१४३ फोटो. मंगलाष्टकापासून पाठवणीपर्यंत सगळं. दोन्ही डिस्क उघडून बघितल्या, डॉकच्या डिस्कवर शेजारी गुरुवारचा फोल्डर नाही. तुम्ही म्हणालात तसंच.

हात थरथरतायत. पोऱ्याला मिसळ खाऊ घालतो आधी.

---

रात्रपाळी | दुपारी १२:२०

मिसळीआधी कॉपी. डॉककडून आत, --डिलीट न लावता. आधी -एनव्ही जोडून कोरडी चाचणी घ्या, काय हलणार ती यादी नीट वाचा, मगच खरी कमांड.

ते झालं की डॉकची डिस्क अनमाउंट करा. ई२एफएससीके -एफ ने तपासणी, मग ट्यून२एफएस -यू रँडम. तोतयाला नवं नाव मिळेल. जीपीटी (नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल) असेल तर पार्टिशनचे आकडेही नक्कल झालेले असतात, ते एसजीडिस्क -जी ने बदलतात. तिथे कॅपिटल जी आहे, बरं का. तिन्ही कमांड *डॉकच्या* डिस्कवर, आतल्या नव्हे.

---

कोकणकडा | दुपारी १:१०

रात्रपाळी यांना दंडवत.

/बॅकअपची ओळ परत सुरू कराल तेव्हा तिच्यात नोफेल आणि एक्स-सिस्टीमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१५ घाला. डॉक नसला तरी पंधरा सेकंदांत मशीन पुढे जाईल, पासवर्ड मागत बसणार नाही. शेवटचा आकडा ०, म्हणजे बूटच्या वेळी त्या डिस्कची तपासणी नको. मशीन परत चालू करण्याआधी फाइंडएमएनटी --व्हेरिफाय मारा, टंकलेखनाच्या चुका तिथेच कळतात.

---

तिसरी_घंटा | दुपारी १:३५

नोफेल घाला, पण /फोटोच्या ओळीत नको. तिथे अडलेलंच बरं. नोफेलमुळे डिस्क आली नाही तरी /फोटो हा रिकामा फोल्डर एसएसडीवर असतोच, आणि पुढचं लग्न त्यात ओताल. एसएसडी भरेल ते वेगळंच. त्यातून रिकाम्या /फोटोवरून --डिलीट चाललं तर काय होईल ते आता तुम्हाला सांगायला नको.

स्क्रिप्टच्या पहिल्या दोन ओळींत माउंटपॉइंट -क्यू /फोटो आणि माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप तपासा, दोन्हींपैकी एक जरी माउंट नसेल तर बाहेर पडायचं. मी आणखी एक करतो: डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचएटीटीआर +आय लावून ठेवतो. मग रूटलासुद्धा त्यात काही ठेवता येत नाही.

---

अक्कलखाते | दुपारी २:०५

एवढं वाचून माझ्या मशीनवर सहज बीएलकेआयडी मारलं. स्वॅपचा (रॅमला जोड म्हणून ठेवलेली डिस्कवरची जागा) यूयूआयडी एफएसटॅबमधल्याशी जुळत नाहीये. मागे कधीतरी एमकेस्वॅप परत चालवलं होतं, त्यात बदलला. वर्षभर रोज सकाळी दीड मिनिट थांबतोय आणि मशीन म्हातारं झालं म्हणून नवीन घ्यायच्या विचारात होतो.

---

सुपारी | दुपारी २:११

बायकोला सांगू नका. मशीन घ्या.

---

जुना_जंपर | दुपारी ३:३०

एचडीएच्या काळात हे झालं नसतं एवढंच म्हणतो.

---

पाटपाणी | दुपारी ३:३८

काका, एचडीएच्या काळात १,१४३ फोटो मावले तरी असते का?

---

कॅमेरेवाला | रात्री ८:४५

सगळं झालं. फोटो आत आले, यूयूआयडी बदलला, एफएसटॅबमध्ये दोन वेगळे आकडे आहेत. स्क्रिप्टमध्ये माउंटपॉइंटची तपासणी घातली. मग मुद्दाम सात वेळा मशीन बंद-चालू केलं, त्यात दोनदा भिंतीवरचं बटण बंद करून दहा मिनिटं थंड होऊ दिलं. त्या दोन्ही वेळी आतली हार्डडिस्क एसडीएफ निघाली. /फोटो मात्र प्रत्येक वेळी जागेवर. दोन्ही डिस्कवर कागदी टेपने यूयूआयडीची शेवटची चार अक्षरं लिहून चिकटवलीत.

पोऱ्याने दोन प्लेट खाल्ल्या आणि वर म्हणतो, मी सांगत होतो ना.

---

हिरवळ | सोमवार, सकाळी ९:०५

उपयुक्त धागा, वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडे दोन एनव्हीएमई एसएसडी आहेत, त्या ० आणि १ अशा आपसात बदलतात. हेच लागू होईल ना?

---

तिसरी_घंटा | सकाळी ९:२०

हेच. फक्त त्यातली एक डीडीने उतरवलेली आहे का ते आधी सांगा.

---

हिरवळ | सकाळी ९:२२

...हो.